जॉब निवेपर्यंतची वीस मिनिटे

सर,

तुमच्या हाताखाली मोजमाप शिकलेल्या दोघांपैकी एकाची नोकरी राहावी की जावी, हे ठरवणारा अहवाल मला सोमवारी सकाळी द्यायचा आहे. दुसरी मी. एवढे लिहायला मला शनिवारची सगळी संध्याकाळ लागली, आणि ते वाचून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून ‘मग?’ एवढेच विचारले असते, हेही मला ठाऊक आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षे झाली. तो तुमच्या लक्षात असणारच: पेठ तालुक्याकडच्या डोंगरातून आलेला, आयटीआय झालेला, बोलताना मान खाली आणि मोजताना मान ताठ ठेवणारा. मी विद्यापीठात पहिली आलेली, आणि ते पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळेल अशी व्यवस्था केलेली. सातपूरच्या त्या कारखान्यात आम्ही दोघे एकाच दिवशी रुजू झालो आणि तपासणीच्या खोलीत तुम्ही दोघांना एकाच उंचीची दोन स्टुले दिलीत. त्या स्टुलांचा मला राग आला होता. तो मी बरीच वर्षे जपून ठेवला.

पहिल्या महिन्यातली एक सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. ग्राइंडिंगवरून पंपाचा दांडा आलेला आहे. मी तो हातात घेते, मायक्रोमीटर लावते आणि तीन दशांश स्थळांपर्यंतचा आकडा सुवाच्य अक्षरात नोंदवते. तुम्ही आकडा वाचता आणि दांड्याला नुसते बोट लावता.

“गरम आहे.”

“थोडासा, सर.”

“थोडासा गरम म्हणजे थोडासा खोटा. त्यात मुठीत धरून तू तो आणखी खोटा केलास. ठेव तो जॉब टेबलावर.”

तापलेले पोलाद फुगते आणि त्याला खोलीच्या तापमानाला यायला वीस मिनिटे द्यावी लागतात, हे मला पाठ होते. प्रसरणाचा गुणांकही मी तुम्हाला तिथल्या तिथे म्हणून दाखवला. तुम्ही तो शेवटपर्यंत ऐकून घेतलात, हे विशेष.

“गुणांक बरोबर आहे. आता जॉब निवेपर्यंत बाहेर जा.”

“बाहेर जाऊन काय करू?”

“काही नाही. म्हणून तर बाहेर.”

“सर, तेवढ्या वेळात मी मागच्या नोंदी तपासते ना.”

“इंजिनिअरबाई, दांडा निवतोय, तशा तुम्हीही जरा निवा. तापलेल्या माणसाचं रीडिंग मी वहीत घेत नाही.”

तो त्याच्या स्टुलावर मान खाली घालून हसला. मी त्याला माफ केले नाही.

खोलीच्या मागच्या दाराबाहेर करंजाचे झाड होते. त्याखाली भंगारात निघालेल्या लेथ यंत्राचा ओतीव लोखंडी बेड आडवा टाकलेला होता, तेच बाक. समोर कुंपणाची भिंत, तिच्यावरून पश्चिमेला अंजनेरीचा डोंगर. दिवसभर सूक्ष्म रेषा वाचणाऱ्याला डोळे मिटले तरी रेषाच दिसतात. डोंगराच्या कड्याकडे बघत बसायचे ते त्या पुसल्या जाईपर्यंत, असा तुमचा नियम. आम्ही आत आलो की तुम्ही विचारत होतात, “पुसल्या का रेषा?” मी वेळ वाचवण्यासाठी हो म्हणत असे. तो कधीकधी “नाय अजून” म्हणून सरळ परत बाहेर जात असे, आणि तुम्ही त्याला जाऊ देत होतात. आत आल्यावर दुसरा नियम. उपकरणाचे शून्य ज्या पोलादी ठोकळ्यांवर लावलेले असते, ते ठोकळे पुन्हा जुळवायचे आणि शून्य नव्याने लावायचे. “बाहेर गेलात की शून्यावरचा हक्क संपला,” तुम्ही म्हणत होतात. मला ही शुद्ध अंधश्रद्धा वाटत असे. वीस मिनिटांत शून्य कुठे जाणार होते?

झाडाखाली तो बोलका होई. करंजाचे तेल गुरांच्या खरजेवर कसे लावतात, भाताच्या आवणीला चिखलात उभे राहिले की दुसऱ्या दिवशी पाठ कशी बोलते, अंजनेरीच्या खांद्यावर ढग कोणत्या बाजूने चढला तर पाऊस पेठला आणि कोणत्या बाजूने चढला तर नाशकात. तेव्हा तो मला ताई म्हणत असे. मी त्याची वाक्ये मनातल्या मनात दुरुस्त करत बसे. पण आत आल्यावर तो पहिल्याच प्रयत्नात जो आकडा घेई, तो मला तीन प्रयत्नांनी मिळत असे, आणि याचे कारण मी त्याच्या हाताच्या जन्मजात ठेवणीत शोधत राहिले. दारापाशी खुंटीवर तुमची काळी छत्री असायची, कारण पाऊस हे आत बसण्याचे कारण तुम्हाला मान्य नव्हते. पुढील शिक्षणासाठी मी जर्मनीला निघाले तेव्हा तुम्ही एखादे उपकरण भेट द्याल अशी माझी अपेक्षा होती. तुम्ही खुंटीवरची छत्री काढून दिलीत. “तिकडे फार पडतो म्हणे. पडतोय म्हणून आत बसू नकोस.” विमानात वजन जास्त होईल असे सांगून मी ती घरीच ठेवली. छत्रीला कितीसे वजन असते!

परत आले ती तपासणी विभागाची प्रमुख म्हणून. तोवर तुम्ही निवृत्त झाला होतात. मी नवी खोली उभी केली. तिला खिडकी नाही, मागचे दार बुजवलेले, पुढे दुहेरी दारे, तापमान वर्षभर वीस अंशांवर खिळलेले. जॉब ग्राइंडिंगवरून आधी शेजारच्या शीतकक्षात जाऊन पडतात आणि निवलेलेच हाती येतात. निववण्याची वीस मिनिटे, दिवसातून आठ-दहा वेळा, माणशी, मी एका आराखड्यात संपवली. उपकरणाचे शून्य पाळीच्या सुरुवातीला एकदाच लावायचे, कारण तापमान हलत नाही तर शून्य हलायला कारणच नाही. हा युक्तिवाद मी आजही खोडू शकत नाही. परीक्षक आले, त्यांनी ती खोली इतर कारखान्यांना दाखवावी अशी शिफारस केली. आयुष्यात मी निर्दोष केलेली ती एकच वस्तू आहे.

तुम्ही ती पाहायला आला होतात. मी तुम्हाला पांढरा कोट घालायला दिला, तो खांद्यांवर आखूड झाला. तुम्ही तापमापकापाशी बराच वेळ उभे राहिलात.

“काटा हलतच नाही गं.”

“नाही, सर.”

“झकास. आम्हाला उभ्या जन्मात जमलं नाही हे.” मग तुम्ही चारही भिंती पाहिल्यात. “बाहेर कुठून जायचं?”

“बाहेर जायची आता गरजच नाही, सर.”

“जॉबला नाही. कळलं.” तुम्ही त्याच्याकडे वळून पाहिलेत. “आणि तुला रे?”

“चहाच्या सुट्टीत जातो ना, सर, फिरून. बाजूच्या बोळानं.”

“जात जा,” तुम्ही म्हणालात, आणि मला म्हणालात, “उत्तम काम आहे तुझं. अगदी उत्तम.” तुम्ही उपरोधाने बोलत नव्हतात. उपरोध असता तर मला सोपे गेले असते. पुढच्याच वर्षी तुमच्या मुलाचा फोन आला, त्या दिवशी याच खोलीचे वार्षिक परीक्षण होते. मी संध्याकाळी येते म्हणाले. तोपर्यंत सगळे आटोपले होते.

बाजूच्या बोळाने झाडापाशी जाणे त्याने बरीच वर्षे चालू ठेवले. पुढे काम वाढले, थंड हवेची आणखी यंत्रे बसवावी लागली, ती मागे झाडाजवळ बसली, आणि करंजाची पाने त्यांच्या जाळ्यांत अडकू लागली. ‘पानांमुळे यंत्रणेच्या कार्यात वारंवार अडथळा येत असल्याने वृक्ष काढण्यास परवानगी मिळावी.’ हे वाक्य माझे आहे. त्यात मी एक शब्दही आज बदलणार नाही, इतके ते नेमके आहे. झाड गेले त्याला तीन वर्षे झाली. त्यानंतर दोनदा मला तो कामाच्या वेळेत त्या यंत्रांमागे उभा सापडला. नुसता उभा, हात मागे बांधून, भिंतीकडे तोंड करून. काय करता म्हणून विचारले तर म्हणाला, “काय नाय मॅडम, जरा.” मी दोन्ही वेळा लेखी समज दिली. ‘जरा’ हे मला कधीच पुरेसे कारण वाटलेले नाही. आवणीसाठी त्याने मागितलेली चार दिवसांची रजाही त्याच वर्षी मी नाकारली.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक व्याख्यान झाले. मनुष्यबळ विभागाची अधिकारी, वयाने माझ्या निम्मी आणि उत्साहाने दुप्पट, तिने पुण्याहून एक सल्लागार बोलावले होते. विषय होता निसर्गाचा सहवास आणि कामाच्या जागेचे स्वास्थ्य. जंगलाची चित्रे पडद्यावर नीट दिसावीत म्हणून सभागृहाचे सगळे पडदे ओढून घेतले होते. मी पहिल्या दहा मिनिटांत त्यांच्या पारदर्शिकांवरच्या सहा चुका टिपल्या. मग ते म्हणाले, “डोळे मिटा. आता तुम्ही जंगलात आहात.”

मागून त्याचा आवाज आला, “कुठल्या, सर? आमच्याकडच्या जंगलात बिबट्या हाय.”

सभागृह हसले. सल्लागारही हसले, आणि नंतर त्यांनी जे सांगितले त्यातले एकही वाक्य चूक नव्हते, याचा मला सर्वाधिक त्रास झाला. झाडाखाली घालवलेला थोडा वेळ माणसाचे लक्ष पुन्हा जागेवर आणतो, दूरवर पाहणे डोळ्यांना आणि डोक्याला सारखेच लागते, हिरवे काही नजरेला पडणारी माणसे एकमेकांवर कमी खेकसतात. तुम्ही हे सगळे ‘पुसल्या का रेषा?’ या तीन शब्दांत सांगत होतात आणि दारही उघडून देत होतात. शेवटी त्यांनी विचारले, “तुमच्या आवारात अशी एखादी जागा आहे का, जिथे कुणाला दहा मिनिटं झाडाजवळ बसता येईल?” दोन-तीन माणसे माझ्याकडे पाहू लागली. तो मात्र स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. पुढच्या आठवड्यात कँटीनच्या एका भिंतीवर प्लास्टिकच्या पानांचा हिरवा पडदा लागला. पाणी घालावे लागत नाही, असे त्या अधिकारीबाईंनी मला कौतुकाने सांगितले. त्याने एक पान चिमटीत धरून पाहिले आणि म्हणाला, “पुसायला मात्र माणूस लागंल.”

त्यानंतर बारा दिवसांनी ती चूक झाली. सकाळी शून्य लावताना ठोकळ्यांच्या पेटीतून त्याने एक पॉइंट शून्य एकच्या जागी एक पॉइंट शून्य दोनचा ठोकळा घेतला. दहा मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक. शून्य तेवढे वर चढल्याने पहिला दांडा त्याला बारीक वाटला, म्हणून त्याने ग्राइंडिंगवाल्याला जाड घ्यायला सांगितले, आणि पूर्ण पाळी जाड निघाली. सगळा माल पास होऊन ग्राहकाकडे गेला, तिथे दांडे बसेनात, त्यांचे काम दीड दिवस ठप्प झाले. पूर्वी तो ठोकळे दिवसातून आठ-दहा वेळा जुळवत असे. तेव्हा ही चूक तासाभराच्या पुढे जगली नसती. मी शून्य कुठे जाणार म्हणून विचारत होते. शून्य लावणारा माणूस कुठे जाईल, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

चौकशीला आम्ही तिघे बसलो: मी, तो, आणि नोंद घेणाऱ्या त्या अधिकारीबाई.

“ठोकळा कसा चुकला?” मी विचारले.

“चुकला, मॅडम.”

“हे उत्तर नाही. तुमच्याकडून असं आजवर झालेलं नाही.”

“आत दिवस कळंना आताशा. सकाळ हाय का दुपार हाय. हात चालतो बराबर. मी त्यात हाय का नाय, ते नाय सांगता येत.”

अधिकारीबाईंनी मान वर करून विचारले, “म्हणजे थकवा लिहू का?”

“थकवा नाय हो बाई. दमायला मी गावी दमतो, तिथं बरं वाटतं.” मग तो माझ्याकडे वळला. “चूक माझीच हाय, लिहा. पोरगी बारावीला हाय औंदा, तेवढं बघा जमलं तर.”

दोनदा लेखी समज मिळालेली असताना तिसरा गंभीर दोष सिद्ध झाला की नोकरी जाते, हा नियम. अहवालाच्या नमुन्यात कारणासाठी चार रकाने असतात: माणूस, यंत्र, पद्धत, माल. गुरुवारी मी ‘पद्धत’ या रकान्यात खूण केली. माझ्याच पद्धतीविरुद्ध, माझ्याच सहीने. मला वाटले, एवढ्याने प्रश्न सुटला. शुक्रवारी कारखानाप्रमुखांनी बोलावले.

“मॅडम, पद्धत? ही पद्धत ग्राहकाने पाहून मंजूर केलेली आहे.”

“तिच्यात दोष आहे.”

“मग चौदा-पंधरा वर्षांत तिच्यातून गेलेला प्रत्येक दांडा ते संशयित धरतील. आपण काय सांगायचं? आणि हा उपायाचा रकाना. इथे काय लिहिणार तुम्ही? झाड?”

“दर दोन तासांनी बाहेर जाणं, आणि आल्यावर शून्य पुन्हा लावणं.”

“बाहेर म्हणजे कुठे?” त्यांनी खरेच जाणून घेण्यासाठी विचारले. “मला माणूस वाईट वाटत नाही हो. पण दोन मेमो तुमच्याच सहीचे आहेत. सोमवारी द्या, नीट करून.”

काल पाळी संपल्यावर मी मागे जाऊन पाहिले. कोट काढून, घड्याळ पाहून, वीस मिनिटे थांबायचे ठरवले. यंत्रांतून गरम वारा अंगावर येतो. कुंपणापलीकडे शेजारच्या कारखान्याने मोठी शेड बांधली आहे, तिच्या पत्र्यामुळे अंजनेरीचा एक दगडही दिसत नाही. दार मी पुन्हा फोडून देऊ शकेन, भांडून देऊ शकेन. पण बाहेर पडणाऱ्याला पाहायला तिथे काही उरलेले नाही, आणि करंजाचे रोप आज लावले तर ते सावली देईल तेव्हा आम्ही दोघेही निवृत्त असू. उजव्या बाजूला दोन बुटांइतकी माती घट्ट होऊन चकाकत होती. तिथेच तो उभा राहत असणार. मी सहा मिनिटे थांबले आणि आत आले.

मी तीन मसुदे केले आहेत. एकात पद्धत, एकात माणूस, एकात दोन्ही. तिन्ही भाषेच्या दृष्टीने निर्दोष आहेत आणि तिन्ही वाचून त्याची नोकरी जाते. पहिला वरून परत येईल, म्हणून त्याने ती फक्त महिनाभर उशिरा जाते. तुम्ही असता तर फोन उचलून कुणाला तरी दोन शब्द खडसावले असते, आणि बहुधा उपयोग झाला नसता, पण त्याला कळले असते की कुणीतरी खडसावले. मला खडसावता येते ते फक्त खालच्यांना. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी मी ते पाठवले नसते, कारण मग पुढचे लिहिण्याचे धैर्य झाले नसते.

शून्य लावल्यावर एक तक्ता भरावा लागतो, सर. कोणते ठोकळे घेतले ते लावणाऱ्याने लिहायचे, आणि दुसऱ्या कुणीतरी ते तपासून खाली सही करायची. त्या सकाळी खोलीत आणखी कुणी आलेले नव्हते, म्हणून ती सही मी केली. न पाहता केली असती तर तिला निष्काळजीपणा म्हणता आले असते. मी पाहून केली. एक पॉइंट शून्य दोन हा आकडा मी वाचला, त्याच्या दोनचा आकार गबाळा आहे असे मनात म्हटले, आणि मला दुसरे काहीही खटकले नाही. चौकशीच्या वेळी तो तक्ता आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर होता. अधिकारीबाईंना तो वाचता येत नाही. त्याला येतो. त्याने माझ्या सहीवर बोट ठेवले नाही, आणि मी तो तक्ता उचलून फायलीत सर्वांत खाली घातला.